उलटा उमटलेला हात

लग्नपत्रिका हातात आली की किसनकाका आधी ती पालथी करत. पत्रिका द्यायला आलेला माणूस समोर उभा असे, "काका, सगळ्यांनी यायचं बरं का," म्हणत असे, आणि काका मागच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवत म्हणत, "कागद चांगला हाय." मग लग्न कधी, कुठं, किती वाजता, हे सगळं तोंडी विचारून घेत. आत सगळं छापलेलंच असे. लोकांना वाटे, म्हाताऱ्याची नजर गेली. काकू वैतागत. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेब होते, नातवंडांचे फोटो होते, बँकेचं कॅलेंडर होतं, पण जुनी पत्रिका म्हणाल तर औषधालाही सापडायची नाही. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी बौद्ध घरांच्या पत्रिका ज्याच्या हातून सजल्या, त्याच्या घरची ही तऱ्हा.

काका आता नाहीत. पत्रिका पालथी करण्याचं कारण मला कळलं तेही अगदी शेवटी शेवटी, आणि ते कळायला मलाच नको तो उत्साह दाखवावा लागला.

किसन सोनकांबळे मूळचे शिरूर अनंतपाळकडचे. नांदेडला जुन्या मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता, तिथे ते जुळारी म्हणून लागले. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांच्या ओळी लावणारा माणूस. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं, आणि ओळही उलटीच वाचावी लागते. काकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सरळ काय नि उलटं काय, त्यांना सारखंच. चहाच्या टपरीवर समोरचा माणूस पेपर वाचत असला की काका आपल्या बाजूनं तोच पेपर उलटा वाचत. एकदा एका गृहस्थाला ते शांतपणे म्हणाले, "मालक, पलटा की पान. माझं झालं." तो माणूस बिचारा पेपर तिथंच ठेवून उठला.

बाहीची बटणं लावलेला पांढरा शर्ट, नखांत शाई, आणि कुठलाही कागद हातात आला की एक डोळा बारीक. "बराबर हाय का, बघा जरा," हे त्यांचं पालुपद. स्वतःच्या कामाचं प्रूफ ते कधी स्वतः पास करायचे नाहीत. अण्णांना दाखवत, गिऱ्हाईकाला दाखवत, कोणी नसलं तर शेजारच्या सायकलवाल्याला बोलावून आणत. त्याला धड वाचताही येत नसे. "डोळा लई लबाड असतो ताई," ते मला म्हणत. "त्याला जे रोज दिसतं ते तो बघतच न्हाई." मालकाची मुलगी म्हणून मी लहानपणापासून त्यांची ताई. त्यांच्या मुलीपेक्षा मी लहान, पण ते 'ताई' काही सुटलं नाही.

हे रोजचं न दिसणं त्यांना फार महागात पडलं होतं. ती हकीगत छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होती.

एका लग्नसराईत उमरीचे एक शिक्षक मुलीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आले. बौद्ध कुटुंब. मजकूर त्यांनी स्वतः वळणदार अक्षरात लिहून दिला होता, वर मधोमध 'नमो बुद्धाय'. गठ्ठा सोडला तर प्रत्येक पत्रिकेवर गणपती, त्याच्या दोन बाजूंना 'श्री गणेशाय नमः' आणि 'कुलस्वामिनी प्रसन्न', आणि त्या सगळ्याच्या खाली 'नमो बुद्धाय'. आमच्याकडे पत्रिकेचं डोकं कधी सोडत नसत. गणपतीचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, आणि त्याच्या शेजारच्या ओळी चौकटीत कायमच्या आवळलेल्या असत. नवी पत्रिका आली की खालचा मजकूर तेवढा बदलायचा, वरचं तसंच. या पत्रिकेची चौकट जुळवली होती किसनकाकांनी. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. खालच्या मजकुरातली एकेक काना-मात्रा काकांनी तपासली होती. वर त्यांनी पाहिलंच नव्हतं.

शिक्षक ओरडले नाहीत. छापखान्याच्या पायरीवर बसले, एक ब्लेड मागितलं आणि गणपती खरवडायला लागले. कागद फाटायला लागला. काका दुसरं ब्लेड घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं शिक्षकांनी नाव विचारलं. काकांनी सांगितलं. शिक्षकांचा हात थांबला.

"सोनकांबळे? मग तू तर आपलाच की रे."

एवढंच म्हणाले आणि पुन्हा खरवडायला लागले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," काका सांगत. अण्णा मनानं वाईट नव्हते. त्यांनी लगेच सगळा माल पुन्हा छापून द्यायचं कबूल केलं, म्हणाले, वरची जागा मोकळी सोडू. त्यावर शिक्षक म्हणाले, "मोकळं डोकं कशाला? आमच्या घरी काय दुखवटा हाय?" आमच्या कपाटात गणपती लहानमोठे आठ-दहा असतील. लक्ष्मी होती, खंडोबा होता, कलश, केळीचे खांब, मुसलमान गिऱ्हाइकांसाठी चांदतारा होता. बुद्ध नव्हता. इतकी वर्षं बौद्ध गिऱ्हाइकं आमच्याकडे येत होती आणि त्यांच्यासाठी एक ब्लॉक करून घ्यावा असं आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. याची लाज मला आजही वाटते, पण ती गोष्ट वेगळी.

तो ब्लॉक मग काकांनी कोरला. मोडलेल्या बाकाची सागवानी फळी, छत्रीच्या काडीला धार लावून केलेलं कोरणं, आणि समोर एका कॅलेंडरवरचं भगवान बुद्धांचं चित्र. खांद्यावर चीवर, एक हात मांडीवर, एक हात अभय देणारा. काम घाईचं होतं, लग्न तोंडावर आलं होतं. पहिली पत्रिका निघाली तेव्हा शिक्षकांनी ती कपाळाला लावली. "आता बराबर झालं पोरा," असं म्हणून काकांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

पुढं काय व्हायचं ते झालं. उमरीच्या लग्नाला आलेल्यांनी ती पत्रिका घरी नेली, आणि मग ज्याच्या घरी लग्न तो आमच्या छापखान्याच्या दारात. "तो बुद्धावाला कागद पायजे." किनवटहून आले, उदगीरहून आले. लातूरला तेव्हा छापखाने काय कमी होते? पण तिथलेही लोक एसटीनं नांदेडला यायचे. लग्न झालं की पत्रिका फेकायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीला लावायचे. अण्णा कौतुकानं त्याला 'किसनचा बुद्ध' म्हणत. पुढं खिळे गेले, ऑफसेट आलं, मग संगणक आले. अण्णांनी छापखाना मोडला तेव्हा तो ब्लॉकही भंगारात कुठं गेला ते कळलं नाही. पण चित्र गेलं नाही. डिझाईनवाल्या पोरांनी जुन्या पत्रिका स्कॅन करून घेतल्या आणि ते संगणकात जाऊन बसलं.

मी लातूरच्या एका कला महाविद्यालयात दृश्यसंवादाचा इतिहास शिकवते. नाव भारदस्त आहे. या विषयात जर्मनीतली पोस्टरं येतात, स्वित्झर्लंडची अक्षरं येतात, आपल्या मोंढ्यातलं काही येत नाही. शिकवून शिकवून मलाच कंटाळा आला तेव्हा मी जुन्या लग्नपत्रिका जमवायला लागले. आपल्याकडे घरोघर पोचलेलं छापील चित्र म्हणजे पत्रिकाच. ढीगभर जमल्यावर वाटलं, प्रदर्शन भरवू आणि किसनकाकांना बोलावू. काका सत्काराला कधीच तयार नसत. मी त्यांना फक्त "पोरांना खिळ्यांची माहिती सांगा" असं सांगून आणलं. मुलांनी मात्र माझ्या सांगण्यावरून फाटकाशी फ्लेक्स लावला होता. त्यावर काकांचा बुद्ध माणसाच्या उंचीचा करून छापला होता, आणि खाली काकांचं नाव.

रिक्षातून उतरल्यावर काका त्याच्यासमोर उभे राहिले. चेहरा उतरला.

"ताई, हे काढायला सांगा."

"काका, पुरे झालं तुमचं लाजणं," मी म्हटलं.

ते आत आले. सभागृहात पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले. मी त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. मुलांनी प्रश्न विचारले, काकांनी हो-नाही करत उत्तरं दिली. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली, प्रियंका नावाची, किनवटकडच्या एका खेड्यातली.

"मॅडम, हे तर आमच्या विहारातले बुद्ध हायत."

तिच्या आजोबांनी, सगळं गाव त्यांना गंगाराममामा म्हणे, स्वतःच्या लग्नाची पत्रिका नांदेडहून छापून आणली होती. पुढं गावात विहाराची एक खोली बांधली तेव्हा पेंटरला तीच पत्रिका देऊन भिंतीवर मोठं चित्र काढून घेतलं. आता त्या खोलीपुढं नवीन सभागृह झालं होतं, आणि लोकांनी वर्गणी काढून दगडाची मूर्ती करायला टाकायचं ठरवलं होतं. तेव्हाच वाद निघाला. गावात आलेल्या भन्तेजींनी भिंतीकडं पाहून सांगितलं की अभय देणारा हात उजवा असतो, तुमच्या चित्रात डावा आहे, मूर्ती करताना सुधारून घ्या. ही गोष्ट शेजारच्या गावात गेली आणि तिथली पोरं यांना 'डावखुरे' म्हणून चिडवायला लागली. गावातले अर्धे लोक म्हणाले, सुधारू. गंगाराममामा म्हणाले, नाही.

"आजोबा मीटिंगमध्ये उभे राहिले," प्रियंका सांगत होती. "म्हणाले, आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या कागदावर, पाटलाच्या कागदावर कोणत्या हाताचा अंगठा दिला? डाव्या. शाई लावून लावून आपला डावा हात काळा केला या लोकांनी. तथागतानं आपला तोच हात वर केलाय. स्वच्छ हाय म्हणून दाखवायलेत. ज्यानं कुणी हे चित्र काढलं त्याला हे ठावं होतं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही अंगावर काटा आला. गावानं मग आजोबांचं ऐकून डाव्या हाताचीच मूर्ती करायचं ठरवलं होतं. काकांच्या शेजारच्या प्राध्यापकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा काका दचकले.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि खुर्ची असताना उभेच राहिले.

"मला तसलं काही ठावं नव्हतं, ताई. ती गलती हाय."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. समोर चित्र ठेवलं आणि जसं दिसतं तसं कोरलं. उजवा हात उजवाच. छापल्यावर तो डावा उमटणार, चीवरही दुसऱ्याच खांद्यावर जाणार, हे छापखान्यातल्या पोरासोरालाही कळतं. दिवसभर उलटी अक्षरं वाचणाऱ्या माणसाला ते कळलं नाही. "अक्षर उलटं बसलं की डोळ्यात खुपतं. तथागत उलटे बसले तर खुपत न्हाई. आन त्या दिवशी मी प्रूफ कुणाला दाखवलं? तुमच्या अण्णाला. त्येंना काय ठावं?" पुढं लातूरला एका लग्नात मंचावरच्या तथागतांच्या मोठ्या फोटोकडं आणि हातातल्या पत्रिकेकडं त्यांची एकदमच नजर गेली. जेवण न करता ते उठून आले.

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"केलं की. दुसरा ब्लॉक कोरला, बराबर. गिऱ्हाईक म्हनलं, हे नकली दिसायलंय, आमाला असली द्या." काका हसायला गेले, पण हसू आलं नाही. "तवाच सांगायला पायजे होतं. तोंड उघडलं न्हाई. कसं उघडावं? एकदा गनपती छापला, दुसऱ्या बारीला हे. दोनदा मीच. लोकं कपाळाला लावायलेत आन मी बगत उभा. मला शरम वाटायची, ताई. लग्नात लोकं पुढं बसवायचे, तवा तर लईच."

मग मला पत्रिका पालथ्या करण्याचा उलगडा झाला.

मी त्यांना खूप समजावलं. शिकवायची सवय आहे, ती अशा वेळी उफाळून येते. म्हटलं, काका, चित्र तुमचं राहिलं नाही आता, ते वापरणाऱ्यांचं झालं. त्यांनी त्याला जो अर्थ दिला तो खरा. आमच्या विषयात याला फार मान आहे. तुम्ही गप्प राहा.

"तुमच्या इषयात चालत असंल," काका म्हणाले. "पर आता ते दगडात व्हायलंय. दगडाचं प्रूफ निघत न्हाई. लोकं त्या गावाला हसतेत, पुढंबी हसतील, त्यांच्या लेकरांना हसतील. आन मला ठावं असून मी बसून राहू?"

मूर्तीची ऑर्डर जायच्या आत त्यांना ते सांगायचं होतं. मला घेऊन चला म्हणाले. एकट्यानं धीर होत नव्हता.

आम्ही नांदेडहून किनवटची गाडी धरली. प्रियंकानं गावात कळवलं होतं, की चित्र काढणारे स्वतः येताहेत. विहारासमोर सतरंज्या टाकलेल्या होत्या, बायामाणसं नेसून-सवरून बसली होती. पुढं होऊन काकांचे दोन्ही हात धरले ते गंगाराममामांनी. उंच, काटक, रेल्वेच्या गँगमध्ये उभी हयात घालवलेला माणूस. "जय भीम. लई उशीर केलात यायला," म्हणाले आणि हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेले. पेंटरनं डोळे जरा मोठेच काढले होते, पण हात काकांचाच होता. समोरची फरशी नमस्कार करून करून गुळगुळीत झाली होती.

शाल आली. काकांनी ती अंगावर घेऊ दिली नाही. उभे राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. उलटं कोरलं, उलटं उमटलं, मला कळलं तरी मी बोललो नाही. भन्तेजी बरोबर आहेत.

लोक एकमेकांकडं पाहायला लागले. मग गंगाराममामा उठले आणि चक्क त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बगा रे. आपली भांडनं मिटावीत म्हून हा मानूस सगळा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिलाय."

टाळ्या पडल्या. काकांच्या खांद्यावर शाल आलीच. एक बाई त्यांच्या पाया पडली. मी इतकी वर्षं काकांना पाहत होते, पण त्यांचं तोंड असं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणत होते, "न्हाई हो, तसं न्हाई," आणि जेवढं म्हणत होते तेवढा लोकांना त्यांचा मोठेपणा वाटत होता. मला वाटलं, सुटलो. असंच राहू दे. मी त्यांच्या शर्टाची बाही ओढली, चला म्हटलं. काकांनी बाही सोडवून घेतली.

"घरात बटाटा हाय का कुनाच्या?" त्यांनी विचारलं. "आन सुरी. आन शाई असंल तर."

शाई ग्रामपंचायतीतून आली, शिक्क्याची. काका खाली बसले, बटाट्याचे दोन काप केले आणि एका कापावर सुरीच्या टोकानं बसलेल्या माणसाची आकृती कोरायला लागले. सगळे वाकून बघत होते. कोरून झाल्यावर त्यांनी काप गंगाराममामांपुढं धरला.

"मामा, कोनता हात वर हाय?"

"उजवा."

काकांनी शाई लावली आणि काप कागदावर दाबून उचलला. कागद मामांच्या हातात दिला. मामांनी कागद पाहिला, बटाटा पाहिला, पुन्हा कागद पाहिला. मागच्यांनी तो मागून घेतला. कागद सतरंजीवरून हातोहात फिरत गेला आणि जिथं पोचेल तिथं माणसं गप्प होत गेली. कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. ज्या बाईनं पाय धरले होते ती पदर तोंडाला लावून बसली.

मग गंगाराममामा बोलले. आवाज साधाच होता.

"म्हंजी अंगठ्याचं आपलं मीच लावलं."

"मामा, तुमी लई मोठं लावलं होतं," काका म्हणाले.

"पोरं सभेत टाळ्या वाजवायली. मी चार गावांत सांगत फिरलो."

काका हात जोडून उभे राहिले. मामांनी त्यांचे हात धरून खाली केले, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाले आणि स्वतः मात्र जेवायला बसले नाहीत. जेवण झाल्यावर गावातली तरुण मुलं काकांपाशी आली. "बरं केलं काका, आमी वाचलो," असं म्हणाली. ती खरंच सुटल्यासारखी दिसत होती. काकांनी मान हलवली. परतीच्या गाडीत मी म्हटलं, काका, मोकळं झालात ना आता? ते म्हणाले, "मी झालो. माझं वझं त्येंच्या डोक्यावर देऊन आलो."

मूर्ती उजव्या हाताची झाली. तिच्या स्थापनेचं बोलावणं काकांना आलं, गेले नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं. पुढं एकदा आपण होऊन म्हणाले, "ताई, एकदा जाऊन येऊ. मामांना भेटून येऊ." उन्हाळा होता. काका त्या सुमारास फार वाळले होते. मी नको म्हणत होते, पण ते ऐकेनात.

दुपारच्या वेळी पोचलो. गावात सामसूम. सभागृहात नवी मूर्ती होती, पांढरीशुभ्र, रेखीव, उजवा हात वर. काकांनी बाहेर चपला काढल्या, आत जाऊन पंचांग प्रणाम केला आणि भिंतीला टेकून बसले. "बराबर हाय," म्हणाले. मागच्या जुन्या खोलीचं दार उघडं होतं. तिथली भिंत चुन्यानं पांढरी केली होती. ते चित्र पोरांनी पुसून टाकलं होतं, पुन्हा कोणी हसायला नको म्हणून.

तेवढ्यात गंगाराममामा आले. आम्हाला पाहून थांबले, जय भीम घातला, कधी आलात विचारलं, पाणी पाजलं. आवाजात कडवटपणा नव्हता. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, काकांनीही काढला नाही. मग मामांनी खिशातून दोन मेणबत्त्या काढल्या. एक मूर्तीपुढं लावली, हात जोडले. दुसरी घेऊन ते आतल्या खोलीत गेले. आम्हाला दारातून दिसत होतं. त्या कोऱ्या भिंतीपुढं त्यांनी ती मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, आणि गुळगुळीत झालेल्या त्या फरशीवर डोकं ठेवून बराच वेळ तसेच राहिले. बाहेर आल्यावर आम्ही पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं. कोणी चोरी करताना पकडावं तसे ते ओशाळले.

"सवय हाय जुनी," म्हणाले. "पोरांना सांगू नका."

काका उठले. मामांकडं त्यांना पाहवेना. खाली मान घालूनच ते दाराबाहेर पडले आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले. मी मामांचा निरोप घेऊन बाहेर आले तर काकांच्या चपला पायरीशी तशाच होत्या. डांबर तापून मऊ झालं होतं. मी चपला हातात घेऊन मागून हाका मारत होते, "काका, थांबा, पाय भाजतील," पण ते अनवाणी, झपझप चालत राहिले आणि त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.